घरासाठी ज्यूसर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यूसर घेण्याचा विचार अनेक घरांत रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की सुरू होतो. यंत्र उत्साहाने आणले जाते, पहिले काही आठवडे रोज सकाळी गाजर-बिटाचा रस निघतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तेच यंत्र माळ्यावर जाते. आमच्या पहिल्या ज्यूसरचे असेच झाले. दुसरा मात्र ओट्यावरच असतो आणि जवळजवळ रोज वापरला जातो. या दोन यंत्रांच्या किमतीत फारसा फरक नव्हता, धुण्याच्या सोयीत मात्र फार मोठा होता. खालील उत्तरे त्या अनुभवातून आणि नातेवाईक व परिचितांनी वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांतून लिहिली आहेत.

आम्हाला ज्यूसरची खरोखर गरज आहे का?

आहारात फळे-भाज्या कमी पडत असतील, तर त्या चावून खाणे हाच पहिला उपाय होय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत २,००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे धरली आहेत, आणि रसापेक्षा अख्खे फळ बरे असेच त्या सूचनांचे सांगणे आहे. रस काढताना चोथ्याबरोबर बहुतेक तंतुमय भाग निघून जातो आणि पोट भरल्याची जाणीवही त्याबरोबर जाते. चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारा माणूस विरळा, पण चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन होतो.

तरीही ज्यूसरला घरात स्थान आहे. दात नसलेली वडीलधारी मंडळी, आजारपणातून उठलेली आणि घास जात नसलेली माणसे, किंवा गाजर, बीट, काकडी, पालक हे कच्च्या स्वरूपात एरवी खाल्लेच जात नाही अशी कुटुंबे यांना त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्या घरात फक्त लिंबू, संत्री आणि मोसंबी यांचाच रस निघणार असेल, तर शे-दोनशे रुपयांची हाताने फिरवायची पिळणी पुरेशी आहे, आणि तीच घ्यावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

ज्यूसरचे प्रकार कोणते आणि त्यांच्यात नेमका फरक काय?

पहिला प्रकार पिळणीचा. उभ्या कंगोऱ्यांच्या शंकूवर अर्धे कापलेले फळ दाबून फिरवायचे असते. हाताची आणि विजेची, दोन्ही मिळतात. लिंबूवर्गीय फळांशिवाय तिचा उपयोग नाही, पण त्या फळांसाठी तिच्याइतके सोपे यंत्र दुसरे नाही.

दुसरा प्रकार वेगाने फिरणाऱ्या जाळीचा. फळाचा तुकडा वरच्या नळीतून खाली जातो, तळाशी असलेली खवणीसारखी तबकडी त्याचा कीस करते, मिनिटाला हजारो फेरे घेणारी जाळी तो कीस बाहेरच्या बाजूला फेकते, रस छिद्रांतून झिरपतो आणि चोथा मागच्या डब्यात उडतो. आपल्याकडे ‘ज्यूसर मिक्सर ग्राइंडर’ या नावाने जो संच विकला जातो, त्यातले रसाचे भांडे याच तत्त्वावर चालते. काम झटपट होते, परंतु आवाज मोठा असतो, रसावर फेसाचा जाड थर येतो आणि पालक, पुदिना, गव्हांकुर अशी पाने बहुतांशी कोरडी न होताच चोथ्यात जातात.

तिसरा प्रकार ‘स्लो ज्यूसर’ किंवा ‘कोल्ड प्रेस’ या नावाने ओळखला जातो. यात पाते नसते. एक जाड मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे घेत फळाला जाळीवर दाबत नेतो. गिरणीतून धान्य जावे तसे फळ पुढे सरकते, एका तोंडातून रस आणि दुसऱ्यातून घट्ट चोथा बाहेर पडतो. आवाज कमी, फेस कमी आणि पालेभाज्यांचा रस चांगला निघतो. उलट बाजूला वेळ जास्त लागतो, काही यंत्रांत फळे बारीक चिरावी लागतात आणि किंमत चढी असते. ‘कोल्ड प्रेस’ हा शब्द मुळात दाबयंत्राखाली कापडातून पिळलेल्या रसासाठी आहे. घरगुती यंत्राच्या खोक्यावर तो छापलेला असला, तरी आत मळसूत्री दांडाच असतो, हे ध्यानात ठेवावे.

स्लो ज्यूसरच्या रसात जीवनसत्त्वे टिकतात आणि वेगवान यंत्रात ती नष्ट होतात, हे खरे आहे का?

जाहिरातीत जितके ठासून सांगितले जाते तितके ते खरे नाही. वेगवान यंत्रात रस काही अंशांनीच गरम होतो. तेवढ्या उष्णतेने क जीवनसत्त्व नाहीसे होत नाही. त्याचे खरे नुकसान हवेशी संपर्क, प्रकाश आणि वेळ यांमुळे होते. वेगवान जाळी रसात हवा जास्त मिसळते, म्हणून सफरचंदाचा रस लवकर तपकिरी पडतो आणि पाणी खाली, गर वर असे थर पटकन दिसू लागतात. रस काढून लगेच पिणार असाल, तर या फरकाचे महत्त्व फार उरत नाही. स्लो ज्यूसर घ्यावा तो पालेभाज्यांसाठी, कमी आवाजासाठी आणि कोरड्या चोथ्यासाठी.

घरात मिक्सर आहे. त्यातच फळे फिरवून गाळून घेतली तर चालणार नाही का?

चालेल, आणि अनेकदा तेच योग्य ठरते. मिक्सरमध्ये थोडे पाणी घालून फिरवलेले फळ न गाळता घेतले, तर त्याचे तंतू पोटात जातात, ही मोठी जमेची बाजू आहे. अडचण बियांची आणि सालीची आहे. मोसंबीच्या बिया आणि फोडींवरचा पांढरा पापुद्रा पात्याखाली भरडला गेला की रस कडवट होतो, आणि तो कडूपणा थोड्या वेळाने आणखी वाढतो. डाळिंबाचेही तसेच, दाण्याच्या आतले बी फुटले की रसाला तुरटपणा येतो. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये घ्यायचेच असतील, तर बटण उलट्या बाजूला दोन-तीनदा नुसते टिचकावे, सलग फिरवू नये, आणि लगेच गाळून घ्यावे.

मोटर किती वॉटची असावी? जास्त वॉट म्हणजे चांगले यंत्र का?

दोन प्रकारांची तुलना वॉटवरून करू नये. ज्यूसर मिक्सर ग्राइंडरची मोटर साधारण ५०० वॉट किंवा त्याहून अधिक असते, कारण तिला वेग हवा असतो. स्लो ज्यूसर १५० ते २५० वॉटवर काम भागवतो, कारण त्याचे दातेरी चक्र वेग कमी करून जोर वाढवते. विजेच्या बिलाची काळजी नको: २०० वॉटचे यंत्र रोज दहा मिनिटे चालवले, तर महिनाभरात जेमतेम एक युनिट वीज लागते.

वॉटपेक्षा माहितीपत्रकातील ‘सलग किती मिनिटे चालवावे’ ही ओळ वाचावी. मोठ्या कुटुंबात सहा-सात पेले रस काढायचा असेल आणि यंत्राला काही मिनिटांनी विश्रांती द्यावी लागत असेल, तर रोजची सकाळ त्यातच जाते. मोटर तापून बंद पडली, तर बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लहान लाल बटण असते. यंत्र गार झाल्यावर ते दाबले की मोटर पुन्हा सुरू होते. दुरुस्तीवाल्याकडे धाव घेण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

दुकानात यंत्र पाहताना काय तपासावे?

प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याला सफरचंदाऐवजी गाजर आणि पालक घालायला सांगावे. सफरचंदाचा रस कोणत्याही यंत्रातून दिसायला चांगलाच निघतो. त्यानंतर बाहेर पडलेला चोथा मुठीत घेऊन घट्ट आवळावा. बोटांच्या फटींतून रसाची धार लागली तर यंत्र आपले काम अर्धवट करीत आहे. मूठ उघडल्यावर चोथा भुसभुशीत होऊन सुटा पडला तर दाब चांगला आहे. गाजराच्या वजनाचा साधारण सात-अष्टमांश भाग पाणीच असते, तेव्हा ओला चोथा म्हणजे आपल्या पैशांचे गाजर वाया जाणे होय.

दुसरे, जाळी हातात घेऊन उजेडासमोर धरावी. छिद्रे पत्र्यात स्वच्छ कापलेली आहेत का, कडा बोटाला लागतात का, जाळी प्लॅस्टिकच्या चौकटीत पक्की बसवलेली आहे की हलते, हे पाहावे. तिसरे, सगळे सुटे भाग स्वतः काढून पुन्हा जोडावेत. दुकानात शांतपणे जोडताना अडखळायला होत असेल, तर सकाळी साडेसहाला डब्याची घाई असताना ते भाग जुळणार नाहीत. यंत्राच्या तळाची रबरी पावले, झाकण नीट बसल्याखेरीज मोटर सुरू न होण्याची सोय आणि आयएसआय खूण पाहावी. फळ ढकलण्यासाठी दिलेला दट्ट्या पुरेसा लांब असावा; चमचा किंवा बोट नळीत घालण्याची वेळ कधीही येता कामा नये.

उभ्या स्लो ज्यूसरचे रुंद तोंड आकर्षक वाटते आणि त्यामुळे चिरण्याचा वेळही वाचतो. परंतु अशा तोंडातून अख्खे सफरचंद टाकले की त्यातल्या बिया आणि आत असलेली कीडही रसात जाते. म्हणून सफरचंद निदान अर्धे कापून, आत पाहून, मगच घालावे.

धुण्याचे काम किती असते?

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, तो सर्वांत आधी विचारायला हवा. रस काढायला पाच मिनिटे लागली, तर धुण्यासाठी तितकीच मिनिटे धरून चालावे. त्यातला बहुतेक वेळ जाळीवर जातो. आमच्या पहिल्या यंत्रात जाळी आणि तबकडी यांच्या मध्ये एक अरुंद खाच होती. तिच्यात गाजराचे तंतू अडकत आणि टाचणीने ते काढावे लागत. एका दिवसाचे राहिले की दुसऱ्या दिवशी वास येई. यंत्र उत्तम रस देत असूनही त्या एका खाचेपायी ते माळ्यावर गेले.

रस काढून झाल्यावर यंत्र बंद करण्यापूर्वी एक पेला साधे पाणी वरून ओतावे, म्हणजे आतला बराचसा चोथा वाहून जातो. नंतर जाळी लगेच वाहत्या पाण्याखाली बाहेरून आत अशी ब्रशने घासावी. चोथा एकदा वाळला की तो छिद्रांत सिमेंटसारखा धरतो. तसे झाले तर जाळी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावी. बोअरच्या पाण्यामुळे जाळीवर पांढरा थर चढत असेल, तर पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ती भिजवावी. स्लो ज्यूसरमध्ये चोथ्याच्या तोंडाजवळ एक छोटी रबरी पट्टी असते. ती दर वेळी उघडून धुवावी, कारण बुरशी प्रथम तेथेच धरते.

कोणत्या फळांचा आणि भाज्यांचा रस चांगला निघतो?

पाणीदार आणि कडक, दोन्ही गुण असलेल्या वस्तू ज्यूसरला मानवतात: गाजर, बीट, काकडी, सफरचंद, अननस, आवळा, दुधी, आले. नागपुरी संत्र्याच्या फोडी सोलून स्लो ज्यूसरमध्ये छान चालतात. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे बाजारात येतात, तेव्हा ती स्वस्तही असतात. सोलापुरी भगव्या डाळिंबाचे दाणे मळसूत्री दांड्याखाली दाबले जातात, बिया बहुधा सुट्या पडतात आणि रस गडद व गोड निघतो. स्लो ज्यूसरची शिफारस करताना मला डाळिंब नेहमी आधी आठवते.

केळी, चिकू, पपई आणि आंबा ज्यूसरमध्ये घालू नयेत. त्यांचा रस निघत नाही, लगदा होतो आणि जाळी बुजते. आमरस हाताने पिळून किंवा मिक्सरमध्येच करावा. पेरूचेही तसेच, आणि क जीवनसत्त्वाने इतके समृद्ध असलेले हे फळ चावून खाण्यातच लाभ आहे.

ऊस घरगुती ज्यूसरमध्ये मुळीच घालू नये. त्याचे चिवट तंतू दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि दातेरी चक्र तुटते. ते काम रसवंतीच्या लोखंडी लाटांचे आहे.

एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो: ओले खोबरे बारीक तुकडे करून कोमट पाण्यात भिजवले आणि थोडे थोडे पाण्यासह स्लो ज्यूसरमध्ये सोडले, तर सोलकढीसाठी लागणारे नारळाचे दूध न पिळता निघते. मात्र आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात खोबरे किंवा सुका मेवा चालेल असे लिहिले आहे ना, हे आधी पाहावे. सुके खोबरे तर घालूच नये.

रोज किती रस प्यावा? मधुमेह असल्यास काय करावे?

संत्र्याच्या १०० मिलिलिटर रसात साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यात २० ते २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी ‘मुक्त साखर’ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली आणावी. २,००० किलोकॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर या मोजमापात धरलेली नाही, पण फळाच्या रसातली साखर धरलेली आहे. वरून एक चमचाही साखर घातली नाही तरी हे लागू होते. उसाच्या रसात तर १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते.

म्हणून फळांच्या रसासाठी १०० ते १५० मिलिलिटरचा लहान पेला ठेवावा आणि रोजच्या रसात भाज्यांचा भाग मोठा असावा. काकडी, पालक, पुदिना, आले, लिंबू आणि चवीपुरते अर्धे सफरचंद हे मिश्रण गोड नसले तरी आठवडाभरात जिभेला रुळते. बीट आणि गाजर गोड असतात, त्यांचा अंदाज घेऊन प्रमाण ठरवावे. मधुमेह असलेल्यांनी फळांचा रस सहसा टाळावा आणि भाज्यांचा रसही आपल्या डॉक्टरांना विचारून, जेवणासोबत घ्यावा. केवळ साखर अचानक उतरल्यावर फळांचा रस औषधासारखा उपयोगी पडतो.

दुधीचा रस रोज सकाळी घेतला तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने नीट वाचावे, ही कळकळीची विनंती आहे. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या वर्गातील फळभाज्यांत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एरवी त्यांचे प्रमाण नगण्य असते, परंतु एखादा दुधी कडू निघतो आणि त्याचा रस विषारी ठरतो. त्याने तीव्र पोटदुखी, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असे प्रकार घडलेले आहेत आणि आपल्या देशात त्यात मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या घटनांचा अभ्यास करून सांगितले, की रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, तो कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. मिसळू नये याचे कारण साधे आहे: आवळा, लिंबू किंवा मध घातला की कडू चव झाकली जाते आणि इशारा देणारी एकमेव खूण नाहीशी होते.

‘कडू आहे म्हणजे औषधी असणार’ ही आपल्याकडची समजूत येथे जिवावर बेतते. घोट कडू लागला तर थुंकून टाकावा. पिऊन झाल्यावर मळमळ, उलटी किंवा पोटात कळ आली तर घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात जावे. या विषावर उतारा नाही, लक्षणांवर वेळेत उपचार करणे एवढेच हाती असते.

औषधे चालू असताना कोणते रस टाळावेत?

ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्या रसामुळे कोलेस्टेरॉल व रक्तदाबाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालक-कोबीचा रस एकाएकी सुरू करू नये, कारण त्यातील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास संत्री, टोमॅटो आणि पालेभाज्यांच्या रसातील पोटॅशियम घातक ठरू शकते. मुतखडा होऊन गेला असेल, तर पालक आणि बीट यांच्या रसातील ऑक्झलेटचा विचार करावा. यांपैकी काहीही लागू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच यंत्र घ्यावे.

लहान मुलांना ताजा रस द्यावा का?

एक वर्षाच्या आत देऊ नये. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली हाच सल्ला दिला असून, एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १२० मिलिलिटर ही मर्यादा घालून दिली आहे. बाटलीतून चोखत रस पिण्याची सवय दातांना कीड लावते. मुलाला फोड सोलून हातात द्यावी. त्याला सोलायला शिकवले तर आणखी उत्तम.

रात्री रस काढून सकाळी प्यायला चालेल का?

ताजा घेणे केव्हाही चांगले. ठेवायचाच असेल, तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि २४ तासांत संपवावा. घरचा रस निर्जंतुक केलेला नसतो, त्यामुळे साल न काढता घातलेल्या फळांवरचे जंतू त्यात वाढतात. फळे आधी नीट धुणे त्यासाठीच आवश्यक आहे. मोसंबीचा रस मात्र ठेवूच नये, तो कडू होतो.

मग डबाबंद रस काय वाईट?

खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या पेयांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिले होते. घरच्या पेल्यात काय पडले, हे आपल्या डोळ्यांसमोर असते.

चोथ्याचे काय करावे?

गाजराचा चोथा भाजणीत कालवून थालीपीठ लावावे. कांदा, कोथिंबीर, तीळ घातले की वेगळी चव येते आणि गेलेले तंतू परत ताटात येतात. बिटाचा चोथा पराठ्याच्या कणकेत, सफरचंदाचा शिऱ्यात चालतो. आले-पुदिन्याचा चोथा चहाच्या पाण्यात उकळावा. उरलेला कुंडीत वरवर न टाकता मातीत मिसळावा, नाहीतर चिलटे होतात.

अमेरिकेतील नातेवाईक ज्यूसर आणणार आहेत. तो येथे चालेल का?

अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. नुसता प्लग बदलून लावला तर मोटर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण त्याने हर्ट्झ बदलत नाही, काही मोटरी त्यामुळे मंद चालतात आणि तापतात. शिवाय वॉरंटी बहुधा येथे लागू होत नाही. येथेच घ्यावा.

वॉरंटी पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

‘मोटरवर दहा वर्षे’ हे खोक्यावर ठळक छापलेले असते, पण घरगुती वापरात मोटर सहसा सर्वांत आधी जात नाही. आधी फाटते ती रबरी कडी, मग चिरते जाळी, मग तडकते रसाचे भांडे, आणि हे भाग वॉरंटीत अनेकदा नसतात. आमच्या यंत्राची रबरी कडी दोन वर्षांत सैल झाली, तेव्हा सेवा केंद्राने तो भाग सुटा मिळत नाही, संपूर्ण भांडे घ्यावे लागेल, असे सांगितले. एका बोटाएवढ्या रबरासाठी यंत्राच्या निम्म्या किमतीचा खर्च समोर आला. म्हणून पैसे देण्यापूर्वी सेवा केंद्राला स्वतः फोन करून जाळी, रबरी कडी आणि दट्ट्या सुटे मिळतात का आणि त्यांची किंमत काय, हे विचारावे, आणि मिळत असल्यास एक जादा रबरी कडी यंत्राबरोबरच घेऊन ठेवावी.